बारा व्होल्ट आणि आजोबांचा दात

रविवारी सकाळी काटेसाहेबांनी चहाचा रिकामा कप बशीत ठेवला आणि जाहीर केलं, "आजपासून आपल्या घरातल्या दिव्यांना लागणारी वीज एकोणीस भागांपैकी एक भाग उरणार. अठरा भाग वाचणार."

बायको दातांकडे बघत होती. नवऱ्याच्या नव्हे, आजोबांच्या. ते दात तिच्यासमोर टेबलावर होते आणि आजोबा त्यांच्या घरी.

इथे जरा खुलासा करायला हवा. काटेसाहेबांची नोकरी म्हणजे बाजारातले वजनकाटे तपासायचे. किलोचं वजन किलोचंच आहे ना, काटा मधोमध उभा राहतो ना, एवढं बघायचं आणि शिक्का मारायचा. माणूस एक नंबरचा प्रामाणिक. वीस वर्षांत कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा फुकट घेतलं नाही. तोटा एवढाच झाला होता, की वीस वर्षांत बाजारातल्या एकाही माणसानं त्यांना 'साहेब, तुमचं चुकतंय' असं म्हटलं नव्हतं. काटा ज्याच्या हातात त्याला कोण चुकीचं म्हणणार? त्यामुळे आपलं चुकू शकतं ही गोष्ट त्यांच्या कानावर फक्त घरीच यायची, आणि घरातलं बोलणं त्यांच्या लेखी मोजमापात धरायचं नसतं.

बायको कवळ्या करायची. घराच्या मधल्या लांबट खोलीत तिचं काम चाले. खोलीला खिडकी म्हणून नाही. एका टोकाला अंधाऱ्या बोळात उघडणारं दार, दाराशी प्लास्टरचं टेबल, मध्ये घासायचं मशीन आणि पार पलीकडच्या भिंतीशी दात लावायचं टेबल. गुलाबी मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा, माणसाच्या तोंडात घालून बघायचा, पसंत पडला की मगच मेणाच्या जागी पक्की कवळी करायची. तिच्या हाताला असं वळण होतं की दात बसवताना ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. खोलीत सहा हॅलोजन होते. घरच्या विजेवर, म्हणजे थेट दोनशे तीस व्होल्टवर चालणारे. तिच्या भावानं गेल्या वर्षी बसवून दिले होते. भाऊ वायरमन.

आणि तिथेच तर दुखणं होतं. काटेसाहेबांचं आणि या मेहुण्याचं एका पंख्यावरून बिनसलं होतं. पंखा कुणाचा, बिघडला कसा, यात आपण नको शिरायला.

"कसे वाचणार अठरा भाग?" बायकोनं मान वर न करता विचारलं.

"दोनशे तीसला बारानं भाग. एकोणीस आणि वर थोडं. बारा व्होल्टचे हॅलोजन मिळतात. मी त्याचं पुस्तकच वाचलंय."

"दादाला विचारलंत?"

"भागाकाराला वायरमन कशाला हवा?"

तिनं चिमटा खाली ठेवला. "हे बघा, आज चार वाजता डॉक्टरीणबाई आजोबांना घेऊन इथेच येणार आहेत. दवाखाना बंद असतो म्हणून मुद्दाम येतायत. त्या आधी सगळं जागच्या जागी पाहिजे. आज काही इकडचं तिकडे झालं तर माझं काम गेलं म्हणून समजा."

हे ती उगाच म्हणत नव्हती. आजोबा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पेशंट, जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आलेले. पुढचे दात गेले आणि वाजवणं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी काम हिच्याकडे दिलं. हिनं मेणात तीन वेळा दात लावून दिले, आजोबांनी तीनही वेळा आरशात पाहिलं आणि तीनही वेळा तेच म्हणाले, "दात सुरेख आहेत. पण माझे नाहीत." जुना फोटो मागितला तर सगळ्या फोटोंत आजोबांच्या तोंडात क्लॅरिनेट. शेवटी डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. चौथी खेप शेवटची. हीही फसली तर आजोबांचं काम मोठ्या लॅबकडे जाईल, आणि मग एकट्या आजोबांचंच कशाला, सगळंच तिकडे जाईल. हिच्या टेबलावरच्या दहा कवळ्यांतल्या आठ त्या बाईंकडून यायच्या.

काटेसाहेबांना याची काळजी नव्हती असं नाही. उलट त्यांना मनापासून वाटत होतं, की उजेड चांगला मिळाला तर बायकोचे दात पसंत पडतील. दिवेही स्वस्तात चालतील आणि बायकोचं कामही टिकेल, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा बेत होता.

ते दुकानात गेले. दुकानदारानं साहेबांना बघताच आधी आपला वायर मोजायचा काटा पुसून समोर ठेवला. मग दोन तऱ्हेचे बारा व्होल्टचे दिवे दाखवले. एकाची वाटी काचेची होती, तो लावला की पाठीमागूनही लालसर उजेड झिरपायचा. दुसऱ्याची वाटी ॲल्युमिनियमची, पाठ बंद.

"हा मागून गळतोय," काटेसाहेब म्हणाले. "हा उजेड वाया नाही का जात?"

खरी गोष्ट अशी, की काचेच्या वाटीतून मागे जाते ती मुख्यतः उष्णता. पुढे उजेड यावा आणि ऊब मागच्या मागे निघून जावी म्हणूनच ती वाटी तशी केलेली असते. दुकानदाराला हे ठाऊक होतं. पण समोर उभा कोण?

"जातो ना साहेब," दुकानदार म्हणाला.

"मग बंद पाठीचेच द्या. पन्नास वॅटचे नऊ द्या, तीन जास्तीचे असू देत. आणि वायर? बारा व्होल्टच आहे, बारीक चालेल ना?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे चालेल साहेब."

घंटीला लावतात तसली बारीक वायर आणि एक जुना, विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर घेऊन काटेसाहेब घरी आले. जुने दिवे उतरवले. ट्रान्सफॉर्मर दाराशी ठेवला, कारण बटण तिथेच होतं. तिथून वायर छतालगत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली. हात काळे झाले, शर्टाला जाळी लागली, पण बारा वाजता सहाही दिवे टांगून झाले. ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणू लागला आणि दिवे लागले.

काटेसाहेब बघतच राहिले. दारावरचा पहिला दिवा असा पांढराशुभ्र पेटला की प्लास्टरच्या टेबलावरचा कणन्‌कण दिसू लागला. त्यांनी आपला हात त्याच्याखाली धरला. हातावरची केसांची मुळं दिसत होती, चाळीस वर्षांपूर्वीच्या खरचटण्याची खूण दिसत होती. बारा व्होल्ट. खेळण्यातल्या मोटारीला लागतात तेवढेसे. एवढ्याशा बळावर असा उजेड पडतो, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बटण दोनदा बंद करून पुन्हा लावलं.

"इकडे ये, बघ तरी," त्यांनी हाक मारली.

बायको आली. तिनं आधी पहिल्या दिव्याकडे बघितलं आणि तिचाही चेहरा उजळला. मग तिची नजर पुढे गेली. दुसरा दिवा जरा पिवळट. तिसरा त्याहून पिवळा. आणि पलीकडच्या टोकाला, तिच्या टेबलावर, सहावा दिवा आजाऱ्यासारखा तांबूस मिणमिणत होता.

"इथे मला आजोबांचा दात आणि हळकुंड सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"तापायला वेळ लागत असेल."

पंधरा मिनिटं झाली. वायर तापली, दिवा होता तसाच राहिला. आता वायर कोमट का लागते, हा प्रश्न कुणालाही पडला असता. काटेसाहेबांना वाटलं, वीज अगदी मऊपणे वाहत असणार.

ते बाहेरच्या मीटरकडे गेले. खिशातून नोकरीवरचं स्टॉपवॉच काढलं. मीटरातली चकती किती गिरक्या घेते ते जुन्या दिव्यांवर त्यांनी सकाळीच मोजून ठेवलं होतं. मिनिटाला सहा. आता त्यांच्या गणितानं मिनिटाला गिरकीचा तिसरा हिस्साही व्हायला नको होता. त्यांनी मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. पुन्हा सहाच. मीटरच्या डब्यावर त्यांनी हलकेच टकटक केलं, जशी दुकानदार काट्यावर करतात आणि त्याबद्दल तेच दुकानदारांना दम देतात. चकतीवर काही परिणाम झाला नाही.

"काय निघालं?" आतून बायकोनं विचारलं.

"मोजतोय."

खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण 'मोजतोय' हे काही खोटं नव्हतं.

तीन वाजत आले तसा त्यांचा धीर सुटत चालला. सहाव्या दिव्याखाली दाताचा रंग कळत नाही, डॉक्टरीणबाई येणार, आणि झालं ते आपल्यामुळे. मग त्यांना सुचलं. पहिल्या दिव्याखाली उजेड उत्तम आहे ना? मग टेबलच तिकडे न्यायचं! त्यांनी दात लावायचं टेबल उचलून दाराशी, प्लास्टरच्या टेबलाला लागून आणलं. त्यावर आजोबांचे दात, ज्या लोखंडी जबड्याच्या साच्यावर ते बसवले होते त्याच्यासकट, अगदी जपून ठेवले. उरलेले तीन दिवे ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशीच जोडले आणि टेबलावर हातभर अंतरावर येतील असे खाली लोंबते सोडले.

बायको मोरीत भांडी घासायला आणि तोंड धुवायला गेली होती. बटण दाबलं आणि आजोबांचे दात असे झळाळले की काटेसाहेब एक पाऊल मागे सरले.

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तिचं काम इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक दाताला टोकाशी जरासा निळसर पारदर्शकपणा होता, मुळाशी उबदार रंग होता. एका दातावर बारीकशी उभी रेघ होती. ती तिनं मुद्दाम काढली होती, साठी ओलांडलेल्या माणसाच्या दातावर असते तशी. गुलाबी हिरडीवर नखाएवढ्या जागेत बारीक ठिपके होते, खऱ्या हिरडीवर असतात तसे. हे सगळं आपली बायको करते? मी सकाळी आंघोळीला जातो तेव्हा ही हे करत असते? त्यांना एकदम लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

आता फक्त मीटर बघून यायचं, म्हणून ते बाहेर गेले. मिनिटाला साडेआठ गिरक्या. त्यांनी दहा मिनिटं मोजलं, कारण एका मिनिटावर निकाल द्यायचा नाही असा त्यांच्या खात्याचा नियम होता. दहा मिनिटांत पंच्याऐंशी.

जड पायांनी ते आत आले. मेणाला तेलकट चकाकी आली होती. आणि समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी डावा, इतका वेळ शिपायासारखा सरळ उभा असलेला दात, शेजाऱ्यावर खांदा टाकून वाकडा झाला होता.

बंद पाठीच्या चार दिव्यांनी आपली सगळीच्या सगळी ऊब पुढे फेकली होती. मागे जायला वाटच नव्हती.

त्यांनी झटकन चारही दिवे भिंतीकडे वळवले. अंगठ्यानं दात सरळ करावा का? त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. दुसऱ्याच्या वजनाला हात लावायचा नाही, ही वीस वर्षांची सवय. बायकोला सांगायचं, लगेच सांगायचं, असं ठरवून ते वळले तर दारात डॉक्टरीणबाई उभ्या.

"आम्ही जरा लवकरच आलो. आजोबांना धीर नव्हता." मागे आजोबा होते, काखेत काळी लांबट पेटी. "वा, उजेड काय मस्त केलाय हो. हेच ना आपले दात?"

"डॉक्टर, एक मिनिट. त्यात थोडं..."

"अहो, तुम्ही मोजमापाची माणसं, सगळीकडे थोडं कमी-जास्त दिसतंच तुम्हाला." बाईंनी कवळी उचलली, नेहमीप्रमाणे थंडगार पाण्यात बुडवून मेण कडक केलं आणि खुर्चीवर टेकलेल्या आजोबांच्या तोंडात बसवलीसुद्धा.

तेवढ्यात बायको पदराला तोंड पुसत आत आली. आजोबांकडे तिची नजर गेली आणि ती जागीच थांबली. तिनं दात सरळ लावला होता. तिच्यासारखी बाई दात चुकून वाकडा लावेल हे शक्यच नव्हतं. तिनं दिव्यांकडे बघितलं, मेणाच्या चकाकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. काटेसाहेबांनी मान खाली घातली. आता सगळं संपलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

आजोबांनी आरसा घेतला. बघितलं. आरसा जवळ नेला, लांब नेला. ओठ वर केला. जिभेचं टोक त्या वाकड्या दातावरून एकदा फिरवलं, आणखी एकदा फिरवलं.

"हा कुठे होता इतके दिवस?" ते अगदी हळू म्हणाले.

"कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हा. हा माझा दात. लहानपणी पडलो होतो, तेव्हापासून असाच रेलून उभा असायचा. मी विसरूनच गेलो होतो हो." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पेटी उघडली, क्लॅरिनेटचं तोंड जुळवलं आणि बाई "अहो, मेण आहे" म्हणेपर्यंत ओठाला लावलंही.

एकच सूर निघाला. खालचा, जाड, लांब. तो खोलीभर पसरला आणि खोलीतलं कुणीच हललं नाही. काटेसाहेबांच्या अंगावर काटा आला. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी आला. माणूस आपल्या घरी परत आला की जसा आवाज करेल तसा तो सूर होता, असं त्यांना वाटलं.

बाईंनी क्लॅरिनेट हिसकावून घेतलं, तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते. "तुम्हाला कसं कळलं हो? फोटो नाही, काही नाही."

काटेसाहेब पुढे झाले. "डॉक्टर, त्याचं असं आहे, की चूक माझी..."

बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. पण ती जे बोलली तेही खोटं नव्हतं. "आजोबा बोलताना जीभ त्या जागी जाऊन काहीतरी शोधायची. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. पण मुद्दाम वाकडा लावायची माझी छाती झाली नाही. शेवटी ते यांनी केलं. दिव्यानं."

"दिव्यानं म्हणजे?"

ते सांगायला वेळ मिळाला नाही. छतालगत करपल्याचा वास सुटला. बारीक वायर ठिकठिकाणी फुगून चकाकत होती. काटेसाहेबांनी आयुष्यातला मोठेपणा बाजूला ठेवला आणि मेहुण्याला फोन लावला.

"दादा, वायर वितळतेय."

"आधी मेन बंद करा दाजी. मग बोला. आलोच."

पण इकडे आणखीच पंचाईत झाली होती. बाईंनी कवळी आजोबांच्या तोंडातून काढून बायकोच्या हातात ठेवली होती. दात आहे तिथून तसूभर हलता कामा नये, म्हणून बायकोनं तिथल्या तिथे त्याच्याभोवती प्लास्टरचा साचा घ्यायला सुरुवातही केली होती. कालवलेलं प्लास्टर दहा मिनिटांत घट्ट होतं. ते कुणासाठी थांबत नाही. आणि काटेसाहेबांनी मेन बंद केला तेव्हा तिच्या एका हातात कवळी होती आणि दुसऱ्यात प्लास्टरची वाटी. खोलीत मिट्ट काळोख झाला.

"उजेड," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण ज्या शांतपणाला घाबरावं तसा.

डॉक्टरीणबाईंनी पर्समधला, घसा बघायचा टॉर्च पुढे केला. काटेसाहेबांनी तो धरला. दोन पेन्सिल सेलचा, तीन व्होल्टचा.

"वर. जरा डावीकडे. सावली पडतेय. हं. आता तिथेच."

ते तिथेच राहिले. नाण्याएवढ्या उजेडात तिचे हात होते. ओलं प्लास्टर ती दाताच्या पाठीशी असं सरकवत होती, की झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतात तेही याहून धसमुसळं वाटावं. दात हलला नाही. काटेसाहेबांचा हात भरून आला, मग मुंग्या आल्या, मग खांदा आपला आहे की नाही याची शंका यायला लागली. तरी ते हलले नाहीत. आपण जगातली सगळ्यात अचूक गोष्ट बघतोय, आणि तिच्यावर शिक्का मारायची आपली लायकी नाही, असं त्यांना वाटत होतं.

मेहुणा आला. त्यानं वायरला हात लावून बघितलं, ट्रान्सफॉर्मरवर पंजा ठेवला आणि झटक्यात काढून घेतला.

"चांगले दिवे लावलेत दाजी," तो कुजबुजला. "अहो, पन्नास वॅट म्हणजे पन्नास वॅट. वॅट म्हणजे पोत्याचं वजन, ते तेवढंच. व्होल्ट कमी केले की तेच पोतं वाहायला करंट जास्त लागतो, म्हणून वायर जाड लागते. तुमची अर्धी वीज वायरनंच खाल्ली, थोडी या धोंड्यानं."

"म्हणजे बारा व्होल्ट फुकटच?" काटेसाहेब मान न वळवता कुजबुजले.

"फुकट कसे? बारा व्होल्टच्या दिव्यातली तार जाड आणि आखूड, ती जास्त तापते, म्हणून तेवढ्याच वॅटला उजेड जास्त. पन्नासच्या जागी पस्तीसचा लावायचा, ट्रान्सफॉर्मर शेजारीच ठेवायचा. मग बचत. पण ती थोडी. अठरा भाग नव्हे. आणि तुम्ही तर वर तीन वाढवले."

काटेसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच बाहेरच्या माणसानं त्यांचं माप चुकलं म्हणून सांगितलं होतं. आणि गंमत म्हणजे त्यांना राग आला नाही. प्लास्टरच्या पांढऱ्या साच्यात आजोबांचा वाकडा दात आरामात रेलून उभा होता आणि दाराशी आजोबा क्लॅरिनेटशिवायच बोटं हलवत होते.

"घट्ट झालं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "बाई, या आठवड्यात माझ्याकडचे आणखी तिघं पाठवते. तिघांचंही तेच म्हणणं आहे, दात आपले वाटत नाहीत."

बायकोनं मान हलवली. पण ती उठली नाही. आता ती हिरडीच्या कडेवरचं जास्तीचं मेण खरवडत होती.

काटेसाहेबांना राहवलं नाही. इतका मोठा दिवस, त्यात आपलाही थोडा वाटा, निदान चार शब्द तरी कानावर पडावेत.

"अगं, उजेड बरा पडतोय ना?"

"उजेड छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बोलू नका. बोललात की हलतो."